पर्पल हाऊस: डायलिसिसची खुर्ची वाळवंटात कशी पोहोचली

किन्टोर गावाहून ॲलिस स्प्रिंग्ज शहर साधारण 530 किलोमीटर. मुंबईहून पणजी गाठायला जेवढा पल्ला, जवळपास तेवढाच. फक्त वाटेत ना पेण, ना चिपळूण, ना सावंतवाडी. लाल मातीचा, मोठ्या भागात कच्चा रस्ता, आणि चांगला पाऊस झाला की तोही बंद. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतलं किन्टोर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेला जवळजवळ चिकटलेलं आहे. वस्ती काहीशे माणसांची, बहुतेक पिंटुपी या ॲबोरिजिनल, म्हणजे मूलनिवासी, समाजाची. त्यांच्या भाषेत गावाचं नाव वालुंगुर्रू.

आता जरा हिशेब मांडू. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीन वेळा हिमोडायलिसिस लागतं, दर वेळी चार ते पाच तास. किन्टोरच्या एखाद्या आजीने घरी राहूनच ॲलिस स्प्रिंग्जला येऊन-जाऊन उपचार घ्यायचे म्हटले, तर आठवड्याला तीन हजार किलोमीटरच्या वर प्रवास झाला. म्हणजे ते शक्यच नाही. गाव कायमचं सोडून मशीनजवळ राहायला जायचं, नाही तर घरी राहून थोड्या दिवसांत मरायचं, हे दोनच रस्ते विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिच्यापुढे होते. दुसरा रस्ता समजूनउमजून निवडणारी माणसं होती.

या प्रश्नातून जी संस्था उभी राहिली तिचं हे प्रकरण. तिला सगळे 'पर्पल हाऊस' म्हणतात. ऑस्ट्रेलियात अशा संस्थांना 'समुदाय-नियंत्रित आरोग्यसेवा' असं नाव आहे, आणि सरकारी अहवालांत त्यांच्याविषयी 'प्रगती' आणि 'भागीदारी' हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे त्यांच्यावरचे आकडे दिसेनासे झाले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. किन्टोरमध्ये भागीदारी जमली, कारण भागीदार दारात येण्याआधीच गावकऱ्यांच्या हातात स्वतःचे पैसे होते आणि काय हवं आहे हे त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं.

एक खुलासा. वाळवंटातल्या या समाजांत माणूस गेल्यावर त्याचं नाव पुढे बराच काळ उच्चारत नाहीत. तेच नाव दुसऱ्या कोणाचं असेल तर त्यालाही तेवढ्या काळापुरतं पर्यायी नावाने हाक मारतात. म्हणून या लेखात रुग्णांची आणि चित्रकारांची नावं मुद्दाम टाळली आहेत.

ङुर्रा

आपल्या वर्णमालेतला 'ङ' आपण शाळेत पाठ केला आणि तिथेच सोडून दिला. पिंटुपी भाषेत तो शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. 'ङुर्रा' या शब्दाचा अर्थ रात्रीचा मुक्काम, घर आणि आपला मुलूख. तिन्ही एकाच शब्दात. माणूस ज्या भूमीचा, तिच्या कथा, तिची गाणी आणि तिथले विधी सांभाळणं हे त्याचं कर्तव्य असतं. ते दुसऱ्याच्या मुलखात बसून करता येत नाही.

ॲलिस स्प्रिंग्ज हा अरेर्न्ट लोकांचा मुलूख. पिंटुपी माणूस तिथे पाहुणा. पाहुण्याने चार दिवस राहावं, आयुष्यभर मुक्काम ठोकणं त्यालाच अवघड वाटतं. त्यात भाषा वेगळी, घरं अपुरी, धर्मशाळेवजा वसतिगृहांत जागा नाही. काही रुग्ण टॉड नदीच्या कोरड्या पात्रात झोपून दुसऱ्या दिवशी डायलिसिसला यायचे. गावात मयत झालं की रडायला, दुःखाचे विधी करायला जाणं अनिवार्य. पण गेलं तर डायलिसिस चुकतं, न गेलं तर नात्यात तोंड दाखवता येत नाही. आणि गावाकडे काय होत होतं? ज्यांच्याकडे सगळं ज्ञान आहे ती साठीतली माणसं एकेक करून शहरात नेली जात होती, नातवंडांना शिकवायला कोणी उरत नव्हतं.

या भागात किडनीचा आजार एवढा का, याची कारणं बरीच आधीपासून सुरू होतात. जन्मतः वजन कमी, म्हणून किडनीची गाळणीच लहान. लहानपणी गर्दीच्या घरांत पुन्हा पुन्हा होणारी खरूज आणि त्वचेवरचे जंतुसंसर्ग, त्यातून किडनीला सूज. पुढे रेशनच्या पीठ-साखरेवर वाढलेल्या पिढ्यांना मधुमेह आणि रक्तदाब. दुर्गम वस्त्यांमधल्या ॲबोरिजिनल लोकांत किडनी निकामी होण्याचं प्रमाण बाकीच्या ऑस्ट्रेलियापेक्षा अनेक पटींनी जास्त आहे. त्यामुळे हा एकट्यादुकट्या आजीचा प्रश्न नव्हता. जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं होतं.

पिंटुपी लोकांनी गाव सोडण्याचं दुःख आधीही एकदा भोगलं होतं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर वाळवंटातून त्यांना पूर्वेकडच्या सरकारी वसाहतींत आणलं गेलं, त्यांतली एक पापुन्या. तिथे अनेकजण आजाराने आणि झुरून गेले. 1981 साली त्यांनी आपणहून गाशा गुंडाळला, पश्चिमेकडे परत निघाले आणि किन्टोर वसवलं. पुढे आणखी पश्चिमेला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत किविर्कुरा उभं राहिलं. 1984 साली बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेलं एक कुटुंब वाळवंटातून चालत आलं, ते या किविर्कुराच्याच नातेवाइकांकडे. म्हणजे घरी परतणं काय असतं हे ज्यांनी स्वतःच्या पायांनी करून पाहिलं होतं, त्यांनाच वीस वर्षांनी किडनीच्या मशीनपायी पुन्हा पूर्वेकडे नेलं जात होतं.

चार कॅनव्हास

सरकारकडे मागणी गेली होती. किन्टोरमध्ये डायलिसिस द्या. उत्तर अपेक्षित तेच: एवढ्या थोड्या माणसांसाठी एवढ्या लांब परवडणार नाही, पाणी योग्य नाही, तज्ज्ञ नाहीत, धोका फार.

पण या लोकांकडे एक गोष्ट होती. पापुन्यात 1971 साली वडीलधाऱ्या पुरुषांनी आपल्या भूमीच्या कथा बोर्डांवर रंगवायला सुरुवात केली होती, आणि त्यातून 1972 मध्ये पापुन्या तुला ही चित्रकारांच्याच मालकीची कंपनी निघाली. ठिपक्यांची ती चित्रं पुढे जगभरच्या संग्रहालयांत गेली. 2000 साली सिडनीत ऑलिम्पिक भरलं, त्याच हंगामात न्यू साउथ वेल्सच्या कलादालनात पापुन्या तुलाचं मोठं प्रदर्शन लागलं.

किन्टोर आणि किविर्कुराच्या चित्रकारांनी ठरवलं की आपण मिळून रंगवू. चार मोठे कॅनव्हास झाले: किन्टोरच्या पुरुषांचा, किन्टोरच्या स्त्रियांचा, किविर्कुराच्या पुरुषांचा, किविर्कुराच्या स्त्रियांचा. स्त्री-पुरुषांच्या कथा वेगळ्या, त्यांवरचे अधिकार वेगळे, म्हणून कॅनव्हासही वेगळे. 11 नोव्हेंबर 2000 रोजी त्याच कलादालनात लिलाव झाला. या चार कॅनव्हासांसह इतर कलाकृती मिळून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

हा प्रसंग हळव्या सुरात सांगायचा मोह होतो, आणि तो तसाच सांगितला जातो. मला त्याच्यातला व्यवहार जास्त दिसतो. देणगी आली असती तर देणाऱ्याचं नाव लागलं असतं, अटी लागल्या असत्या, तीन वर्षांनी 'मूल्यमापन' आलं असतं. इथे लोकांनी आपली वस्तू विकली आणि मोबदला घेतला. तो पैसा कोणाच्या उपकाराचा नव्हता. आणि विकलं काय? ज्या भूमीवर परत जायचं होतं तिच्याच कथा.

नाव आणि घर

2003 साली संस्थेची नोंदणी झाली. पूर्ण नाव: वेस्टर्न डेझर्ट ङानाम्पा वाल्चा पाल्यान्चाकू चुटाकू ॲबोरिजिनल कॉर्पोरेशन. पिंटुपी-लुरिचा भाषेतल्या त्या लांबलचक भागाचा अर्थ 'आपल्या सगळ्या नातेवाइकांना बरं करणं'. 'वाल्चा' म्हणजे आपली माणसं, गणगोत. नावात कुठेही किडनी नाही, डायलिसिस नाही, रुग्ण नाही. ज्या माणसाला मशीनवर बसवायचं तो एकटा आजारी नाही, त्याच्या जाण्याने सगळं गणगोत आजारी पडलं आहे, हे निदान त्या नावातच करून ठेवलं आहे.

रोजच्या बोलण्यातलं नाव मात्र ॲलिस स्प्रिंग्जमधल्या जांभळ्या रंगाच्या घरावरून पडलं. ते घर म्हणजे संस्थेचा तळ. शहरात अडकलेल्या रुग्णांना तिथे डायलिसिस मिळतं, डॉक्टर-नर्स भेटतात, पण त्याशिवाय अंगणात शेकोटी असते, आणि निखाऱ्यांत भाजलेली कांगारूची शेपटी असते. कपडे धुता येतात. सरकारी कागद भरायला कोणीतरी मदत करतं. वाळवंटातल्या वनस्पतींचा लेप बनवण्याचं काम चालतं. 'बुश बाम' नावाने तो विकला जातो आणि रुग्णांना थोडी कमाईही होते. रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात माणूस चार तास फक्त रुग्ण असतो. इथे तो कोणाचा तरी काका, कोणाची तरी आत्या असतो.

सुरुवातीपासून संस्थेचा कारभार बघणाऱ्या सारा ब्राऊन या मूळच्या नर्स. 2017 साली त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा नर्सिंग पुरस्कारही मिळाला. पण त्या नोकर आहेत आणि मालक संचालक मंडळ आहे. मंडळावर वाळवंटी गावांतली ॲबोरिजिनल माणसंच असतात, त्यांत डायलिसिसवरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकही.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं असं मला वाटतं. आपल्याकडे दुर्गम भागातल्या आरोग्याची गोष्ट म्हटली की डोळ्यांपुढे एक डॉक्टर दांपत्य येतं. 1973 साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू झालं. ही कामं मोठीच आहेत, त्यांच्याविषयी मनात आदरच आहे. पण ती गोष्ट सांगताना कर्ता कायम जाणारा असतो: ते गेले, त्यांनी उभारलं. 1973 सालीच ॲलिस स्प्रिंग्जमध्ये 'काँग्रेस' नावाची ॲबोरिजिनल लोकांची संस्था निघाली, जी पुढे त्या भागातली सगळ्यांत मोठी आरोग्यसेवा झाली. त्याआधी दोन वर्षं, 1971 मध्ये, सिडनीच्या रेडफर्न वस्तीत देशातली पहिली अशी सेवा सुरू झाली होती. तिथेही बाहेरचे डॉक्टर आले, फुकट काम केलं. नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज त्यांतलेच. तरी दवाखाना रेडफर्नच्या लोकांचा राहिला. डॉक्टर कोण ठेवायचा हे मंडळ ठरवणार, आणि मंडळ वस्ती निवडणार. 'समुदाय-नियंत्रित' या शब्दातला सगळा जोर 'नियंत्रित'वर आहे.

वाळवंटात मशीन चालवताना

किन्टोरमध्ये 2004 साली डायलिसिस सुरू झालं. सुरुवातीला घडी अशी बसली की रुग्ण मुख्यतः शहरातच राहतील, पण आळीपाळीने काही आठवड्यांसाठी गावी येतील आणि तिथे उपचार घेतील. आज हे थोडकं वाटेल. पण चार वर्षं गाव न पाहिलेल्या माणसाला तीन आठवडे अंगणात बसायला मिळणं, एखाद्या विधीला हजर राहणं, नातवाला घेऊन शिकारीच्या वाटा दाखवणं हे थोडकं नव्हतं.

तांत्रिक अडचणी खऱ्याच होत्या, सरकारने त्या बहाणा म्हणून शोधून काढल्या नव्हत्या. एका वेळच्या डायलिसिसमध्ये शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून, पातळ पडद्याच्या पलीकडून वाहतं. पिण्याच्या पाण्यात खपून जाणारे क्षार आणि जंतू इथे चालत नाहीत. वाळवंटातलं पाणी विंधनविहिरीचं, जड, खनिजांनी भरलेलं. ते आरओमधून काढायचं तर बरंच पाणी वाया जातं, आणि पडदे लवकर चोंदतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, वीज जाते. मशीनचा एखादा भाग बिघडला तर तो पाचशे किलोमीटरवरून यायचा, रस्ता बंद असेल तर विमानाने. आणि एका खोलीत दोन रुग्णांच्या सुया, रक्तदाब, मशीनचे भोंगे सांभाळणारी एकटी नर्स. रात्रीबेरात्री हाकेला जवळपास दुसरी नाही.

यावर तोड निघाली ती एखाद्या हुशार यंत्राने नाही. रुग्ण निवडताना काळजी घ्यायची, ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांनाच गावी पाठवायचं. शहरातल्या रुग्णालयातले किडनीतज्ज्ञ फोनवर आणि अधूनमधून भेटीला. नर्सला राहायला बरं घर, ठरावीक आठवड्यांनंतर सुट्टी. हे असलं कंटाळवाणं व्यवस्थापन. पण ते मंडळाच्या डोळ्यांसमोर चालत होतं. गावी कोणाची पाळी आधी, कोणाच्या घरी मयत झालंय, कोणाला कोणत्या विधीसाठी त्याच आठवड्यात जायलाच हवं, हे कुठलाही सरकारी विभाग वेळापत्रकात बसवू शकला नसता.

कोण कशापुरता

इथे पर्पल हाऊसची भागीदारीची पद्धत जरा बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोठ्या करारपत्राखाली सगळे एकत्र आले, असं कधी झालंच नाही. प्रत्येक भागीदाराला त्याच्यापुरतं काम नेमून दिलेलं दिसतं.

किन्टोरमध्ये आधीपासूनच पिंटुपी लोकांची स्वतःची प्राथमिक आरोग्यसेवा होती. ताप, जखमा, लसी, गरोदर बायका हे सगळं तिने बघायचं, पर्पल हाऊसने फक्त डायलिसिस. एकाच गावात दोन समुदाय-नियंत्रित संस्था, म्हणजे भांडणाला वाव भरपूर. म्हणून कामाची सीमा आखून घेतलेली. सरकारी रुग्णालयाकडून घ्यायचं ते तज्ज्ञांचं वैद्यकीय मार्गदर्शन आणि आणीबाणीत खाट. 'पापुन्या तुला' ही चित्रकारांची कंपनी पुढेही पैसे देत राहिली. औषधकंपन्यांची देशपातळीवरची संघटना असलेल्या मेडिसिन्स ऑस्ट्रेलियाने एका मोठ्या ट्रकसाठी पैसे दिले. 2011 साली तो रस्त्यावर आला. जांभळाच, आत दोन डायलिसिस खुर्च्या. जिथे कायमचं केंद्र नाही अशा गावात तो जाऊन उभा राहतो आणि रुग्ण काही दिवस घरी राहून घेतात. औषधकंपन्यांच्या पैशाकडे मी एरवी संशयाने बघते. पण ट्रकवर हुकूम चालतो तो पर्पल हाऊसचाच.

वाळवंटापासून फार दूर, उत्तरेच्या समुद्रकाठी, आर्नहेम लँडमधल्या यिर्काला गावातही पर्पल हाऊसचं केंद्र आहे. तिथले योल्ंगू लोक वेगळे, भाषा वेगळी. तिथे स्थानिक समुदाय-नियंत्रित संस्था मिवाट्श हिच्याशी जोडी जमवली. सगळा दवाखाना आमचाच असावा असा हट्ट नाही. गावाने बोलावलं तर जायचं, आणि गावाच्या संस्थेच्या शेजारी आपलं मशीन ठेवायचं. हळूहळू ही यादी वाढत जाऊन आज वीसच्या आसपास दुर्गम गावांत केंद्रं आहेत: युएंडुमू, लाजामानू, एन्टारिया, सांता तेरेसा, दक्षिण ऑस्ट्रेलियातलं पुकाच्चा, पश्चिमेकडचं वारबर्टन.

नकाशावरची रेघ

भागीदारीची खरी परीक्षा 2009 मध्ये झाली, आणि तिच्यात सरकारं नापास झाली.

किविर्कुरा किन्टोरच्या पश्चिमेला, वाळवंटातल्या हिशेबाने शेजारचंच गाव. माणसं तीच, नाती तीच. पण मधून राज्याची सीमा जाते. नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारने जाहीर केलं की ॲलिस स्प्रिंग्जमधल्या डायलिसिसच्या खुर्च्या भरल्या आहेत, तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि साउथ ऑस्ट्रेलियातले नवे रुग्ण आता घेणार नाही. किविर्कुराच्या माणसाने त्याच्या राज्याच्या सोयीच्या जागी, म्हणजे पर्थ किंवा कॅलगुर्लीसारख्या शहरात जावं. हजार-दीड हजार किलोमीटर दूर, जिथे त्याच्या भाषेत बोलणारं कोणी नाही. 2000 सालच्या लिलावासाठी ज्यांनी कॅनव्हास रंगवले, त्यांतल्याच किविर्कुराच्या एका नामवंत चित्रकाराच्या किडन्या नेमक्या याच काळात निकामी झाल्या. ज्या सोयीसाठी त्याने चित्र दिलं, तिचं दार त्याला बंद. त्याने परमुलखात जायला नकार दिला. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे सरकारांनी आपसांत हिशेब करून वाट काढली.

पैसे कोणाच्या खिशातून जायचे, एवढाच हा वाद होता. आणि हा वाद या प्रकरणाच्या मुळाशीच आहे. ऑस्ट्रेलियात रुग्णालयं राज्य सरकारं चालवतात. गावातल्या प्राथमिक सेवेला आणि डॉक्टरांच्या फीला केंद्राची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना पैसे देते. डायलिसिस हे रुग्णालयाचं काम मानलं गेलेलं. मग रुग्णालय नसलेल्या गावात, समुदायाच्या संस्थेने, नर्सच्या हातून केलेलं डायलिसिस कोणाच्या वहीत मांडायचं? केंद्र म्हणायचं राज्याचं काम, राज्य म्हणायचं परवडत नाही. दोघांचंही कागदोपत्री बरोबर. मधल्या फटीत पर्पल हाऊस चित्रं विकून, देणग्या मागून, तुटपुंज्या अनुदानांवर वर्षामागून वर्षं काढत होतं.

कलम 13105

1 नोव्हेंबर 2018. मेडिकेअरच्या दरपत्रकात एक नवीन ओळ आली, क्रमांक 13105. अतिदुर्गम भागात नर्सने किंवा ॲबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्याने केलेल्या डायलिसिसला आता दर वेळी ठरावीक रक्कम मिळणार. डॉक्टरने खोलीत उभं असण्याची अट नाही.

चार कॅनव्हास विकले गेले त्याला तोवर अठरा वर्षं झाली होती. लिलावाची गोष्ट सगळ्यांना आवडते, या ओळीची कोणी सांगत नाही, आणि मला तर हीच जास्त मोठी वाटते. अनुदान म्हणजे दर वर्षी हात पसरणं. दरपत्रकातली ओळ म्हणजे हक्क: सेवा दिली, बिल लावलं, पैसे आले. गावात केंद्र उघडताना 'पुढच्या वर्षी चालेल ना' ही धास्ती निम्म्याने तरी कमी. 2018 नंतर नवी केंद्रं भराभर उघडली ती याच जोरावर.

सरकारने हे उदारपणे दिलं असं म्हणवत नाही. चौदा वर्षं किन्टोरमध्ये सुरक्षितपणे मशीन चालवून दाखवल्यावर 'धोका फार' हे म्हणायला जागा उरली नव्हती. संस्थेचं सांगणं असं की डायलिसिसवर माणूस किती जगतो या मोजमापात मध्य ऑस्ट्रेलिया एकेकाळी देशात सर्वांत तळाला होता, आज तो सर्वांत वरच्या जागी आहे. त्याचं सगळं श्रेय गावाकडच्या खुर्चीला देता येणार नाही. शहरातल्या विभागाचंही काम सुधारलं. पण एक साधी गोष्ट कोणाही नर्सला कळते: घरी परत जायची तारीख ठरलेली असेल तर माणूस डायलिसिस चुकवत नाही.

पुढे 2020 च्या जुलैत केंद्र, सर्व राज्यं आणि ॲबोरिजिनल संस्थांची आघाडी यांच्यात, ॲबोरिजिनल आणि बाकीच्या ऑस्ट्रेलियनांमधली 'दरी मिटवण्याचा' नवा राष्ट्रीय करार झाला. आघाडीच्या वतीने वाटाघाटींना पुढे होत्या पॅट टर्नर, मूळच्या ॲलिस स्प्रिंग्जच्याच. करारात सरकारांनी चार गोष्टी कबूल केल्या: निर्णय मिळून घेऊ, समुदाय-नियंत्रित संस्था बळकट करू, स्वतःच्या सरकारी खात्यांचा कारभार बदलू, माहिती वाटून घेऊ. 2024 च्या फेब्रुवारीत देशाच्या उत्पादकता आयोगाने आढावा काढला तर निष्कर्ष बोचरा होता. सरकारांनी शब्द बरेच बदलले, कारभाराची पद्धत फारशी बदलली नाही. पर्पल हाऊसच्या वाटेने आलेल्यांना यात नवल वाटलं नसेल.

जे अजून जमलेलं नाही

खुर्च्या कमीच आहेत. गावी दोन-चार खुर्च्या आणि नावं त्याहून जास्त, म्हणून अजूनही कित्येक रुग्णांचा जास्त काळ ॲलिस स्प्रिंग्जमध्येच जातो. नवं केंद्र उघडायला मशीनपेक्षा नर्सचं घर जास्त वेळ खातं, कारण दुर्गम गावांत घरांचाच दुष्काळ आहे. जिथे एका घरात तीन कुटुंबं राहतात तिथे नर्ससाठी नवं घर बांधणं गावालाही खटकू शकतं. ॲबोरिजिनल डायलिसिस नर्स फार थोड्या. बरेच कर्मचारी बाहेरून येतात आणि काही काळाने निघून जातात. आणि गर्दीच्या घरांतली खरूज, पिण्याच्या पाण्यातले क्षार, दुकानातल्या भाजीचा अव्वाच्या सव्वा भाव, ज्यांमुळे पुढच्या पिढीच्या किडन्या बिघडायच्या आहेत, ते कुठल्याच डायलिसिस केंद्राच्या हातात नाही.

डायलिसिस हा मुळात तात्पुरता उपाय. खरा इलाज किडनीचं प्रत्यारोपण. पण प्रतीक्षा यादीत ॲबोरिजिनल रुग्णांची नावं लागतच नाहीत, लागली तर उशिरा, ही तक्रार जुनी आहे. 2019 मध्ये त्यासाठी एक राष्ट्रीय कार्यगट नेमला गेला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या माणसाचं प्रत्यारोपण होतं ते ॲडलेडला. त्याआधीच्या तपासण्या तिथल्या, नंतरचे कित्येक आठवड्यांचे फेरे तिथलेच. ॲलिस स्प्रिंग्जपासून रस्त्याने दीड हजार किलोमीटर, आणि किन्टोरच्या माणसाला त्यात वरचे पाचशे तीस मिळवायचे.